तिसऱ्या पातळीचे दात

९ जानेवारी

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून कपाळाला आठी पडली असेल तर ती आधी पुसून टाक. फोन का करत नाही ते तुला ठाऊक आहे. रेकॉर्डिंगच्या दिवसांत मी गळा गप्पांवर खर्च करत नाही. शिवाय फोनवर तू ‘हं, हं’ म्हणत भलतंच काहीतरी टाइप करत असतोस, ते मला ऐकू येतं. कागद निदान शेवटपर्यंत वाचावा लागतो. आणि तू दिवसभर ऑफिसात बसून लोकांना पत्रानेच ‘नाही’ म्हणतोस, तेव्हा सराव आहेच.

तर बातमी अशी, की माझा ‘स’ शिटी मारायला लागलाय. मंगळवारी स्टुडिओत काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाल्याने हात वर केला. मला वाटलं, पान उलटल्याचा आवाज आला. तो म्हणाला, मॅडम, ‘सावकाश’ हा शब्द पुन्हा घेऊ. पुन्हा घेतला, आणखी घेतला, दर वेळी कुकरची शिटी. वरच्या पुढच्या चार दातांवरच्या जुन्या कॅप हलताहेत. दातांची डॉक्टरीण म्हणते, आतली मुळं थोडी पोखरलीत पण दात टिकतील. रूट कॅनाल करायचं, वर नव्या कॅप बसवायच्या, की आवाज होता तसा.

हे ऑगस्टच्या आत व्हायला हवं. अंधांच्या ग्रंथालयासाठी ती सातशे पानांची कादंबरी वाचायची आहे. इतकी वर्षं मी छोटी छोटी पुस्तकं मागून घेतली. हे पुस्तक आपणहून माझ्याकडे आलंय. ऐकणाऱ्यांनीच माझा आवाज मागितला. बाळा, मला दुसरं काही नको, हे पुस्तक हवंय.

खिशातून करायचं तर वर्षभराचं मानधन जाईल. म्हणून तुझ्याच कंपनीचं दातांच्या विम्याचं माहितीपत्रक मागवलं. पातळी एक, दोन, तीन. जसजसं वर जावं तसतशी छपाई बारीक होते. वाचणं हा माझा धंदा, तरी ओ की ठो कळलं नाही. तू रोज हेच करतोस, तर आईला समजावून सांग.

सूनबाईची नोकरी परत सुरू होते आहे, छानच. पण नातीला सांभाळायला मी काम सोडून तुमच्याकडे येणार नाही, हे आता चौथ्यांदा लिहिते. आपल्या भिंगरीला पापा.

तुझी आई

*

१७ जानेवारी

ती. आईस,

सा. न. तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरचे विचारायला लागले.

पातळ्यांचं अगदी सोपं आहे. पहिलीत तपासणी, दात साफ करणं आणि दात काढणं. हे पहिल्या दिवसापासून लागू आणि सगळा खर्च कंपनीचा. दुसरीत दात भरणं आणि रूट कॅनाल. त्याला सहा महिने थांबावं लागतं आणि खर्चातला काही हिस्सा आपला. तिसरीत कॅप, ब्रिज, कवळी, हाडात बसवायचे दात, म्हणजे सगळा राजेशाही थाट. तिथे थांबण्याचा काळ आणखी मोठा.

आता तू बघ. रूट कॅनालच्या नादी लागलीस तर सहा महिने वाट बघायची, आणि एवढं करून ती जुनीच मुळं. डॉक्टरीण रूट कॅनाल सांगणारच, तिचं पोट त्यावर आहे. माझं ऐकशील तर पहिली पातळी घे आणि चारही दात काढून टाक, फुकटात. मग तिसऱ्या पातळीत जा आणि कोरे करकरीत दात घे. आमच्याकडे शहाणी माणसं असंच करतात. फॉर्म मी भरून पाठवतो, तू फक्त सही कर.

भिंगरी अजून फारसं बोलत नाही. दोन-चार शब्द. हिला काळजी वाटते, मी म्हणतो आजीवर गेली नाही एवढंच. तुझ्याकडे ये म्हणून आम्ही दाताच्या कण्या केल्या, आता नाही विचारणार.

तुझा,
बाळ

*

४ फेब्रुवारी

चि. बाळास,

अ. आ. काढले. चारही.

डॉक्टरीण शेवटपर्यंत कुरकुरत होती. म्हणाली, बाई, हे दात वाचतात, एकदा काढले की परत लावता येत नाहीत, घरी विचार करून या. मी म्हटलं, माझा मुलगा विम्याच्या कंपनीत याच टेबलावर बसतो, त्याच्याहून जास्त कोणाला कळणार? तिने माझ्याकडून सही घेतली, की दात माझ्या इच्छेने काढले जात आहेत. मी ऐटीत सही केली.

दुखलं नाही फारसं. घरी आल्यावर आरशात बघितलं आणि रडले, हे तुला सांगते कारण दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. वरचा ओठ आत गेलाय. ‘बाळ’ म्हणता येतं, ‘भिंगरी’ म्हणता येतं. ‘सावकाश’ म्हणायला गेले तर नुसती हवा.

स्टुडिओत कळवलंय. तोवर एक नवी मुलगी माझं चालू पुस्तक वाचतेय. गोड आवाज आहे, पण स्वल्पविरामावर धापा टाकते. मोठ्या कादंबरीसाठी ते माझ्याकरता ऑगस्टपर्यंत थांबतील. तेव्हा तिसऱ्या पातळीचा फॉर्म लवकर पाठव. भात आणि पातळ वरण यांवर किती दिवस काढणार?

तुझी आई

*

२२ फेब्रुवारी

ती. आईस,

सा. न. फॉर्म मिळाला, तिसरी पातळी या महिन्यापासून चालू झाली. अभिनंदन.

तू लगेच डॉक्टरिणीकडे धावशील म्हणून आधीच लिहितो. थांबण्याचा काळ एक वर्ष आहे. मी मागच्या पत्रात लिहिलंच होतं की काळ मोठा आहे. वर्ष असं म्हणता म्हणता जातं. दरम्यान स्टुडिओवाल्यांना सांग, विश्रांती घेतेय. एवढी वर्षं बडबड केलीस, गळ्यालाही बरं.

आता तू घरीच आहेस तर एक सुचवतो. तू इकडे येत नाहीस, ठीक आहे, भिंगरी तिकडे येईल. हिची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची, माझे तर हाल विचारू नकोस. सासूबाईंना विचारलं असतं, पण त्यांचं प्रवासाचं ठरलंय मैत्रिणींबरोबर. थोडे महिनेच. महिन्याकाठी आम्ही येत जाऊ. तुलाही सोबत होईल आणि तिचीही बोलण्याची गाडी सुरू होईल. तिला बोलायला शिकवायला तुझ्याइतकं योग्य माणूस कुठे मिळणार?

तुझा,
बाळ

*

१० मार्च

चि. बाळास,

अ. आ. ‘आणखी मोठा’ म्हणजे वर्ष, हे तू लिहिलं नव्हतंस. तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. मोठा हा शब्द चपलेलाही लावतात.

वर्ष म्हणजे माझं पुस्तक गेलं. मी अजून त्यांना तसं सांगितलेलं नाही. डॉक्टरिणीला म्हटलंय, कंपनीला एक विनंतीअर्ज कर, थांबण्याचा काळ कमी होतो का बघ, मुलगा आतला आहे. तू वरच्या साहेबाला बोल. तुझ्यासाठी मी कधी कोणापुढे तोंड वेंगाडलं नसेल असं नाही, तेव्हा एकदा माझ्यासाठी वेंगाड.

भिंगरीला पाठव. पाळणाघरात रडत बसण्यापेक्षा इथे बरी. तिचा तो पिवळा कप पाठव, दुसऱ्यात दूध पीत नाही म्हणते तुझी बायको. मला मुलांचं फारसं जमत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. पण दातांविना आम्ही दोघी एकाच पंगतीतल्या, जमवून घेऊ.

तुझी आई

*

२८ मे

चि. बाळास,

तुझ्या कंपनीचं उत्तर आलं. थांबण्याचा काळ कमी करायचा प्रश्नच नाही असं म्हणतात, कारण वर्षानंतरही काही मिळणार नाही. तिसरी पातळी सुरू झाली त्या दिवशी जे दात तोंडात नव्हते, त्यांच्या जागी बसवायचे दात कधीच धरले जात नाहीत. आज नाही, पुढच्या वर्षी नाही, मी मरेपर्यंत नाही. खाली सही तुझी नाही, तुझ्या शेजारच्या टेबलावरच्याची असावी. भाषा मात्र तुझीच.

हा नियम तुला माहीत होता का, एवढंच विचारते. होता, हे मला कळलंय. डॉक्टरिणीने उत्तर वाचलं आणि हातमोजे काढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, तुमच्या मुलाचा जानेवारीत फोन आला होता. दात वाचतील का, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, नक्की वाचतील. मग तुम्ही काढायलाच आलात, तेव्हा मला वाटलं घरात बोलणं झालं असेल.

तू विचारलं होतंस. तिने सांगितलं होतं. आणि मग तू मला ते १७ तारखेचं पत्र लिहिलंस.

आई

*

६ जून

ती. आईस,

सा. न. तू उगीच नाट्य करतेस. नियम सगळ्यांना सारखे. माझी आई म्हणून मी वेगळा नियम छापू शकत नाही. माझ्या टेबलावरून दिवसाला किती म्हाताऱ्यांचे अर्ज परत जातात तुला कल्पना नाही.

डॉक्टरिणीशी बोललो होतो, बरोबर. प्रत्येक डॉक्टर दात वाचतील असंच म्हणतो. मला जे योग्य वाटलं ते मी सुचवलं, सही तू केलीस. तू सज्ञान आहेस.

तुझ्या वयाच्या बायका कवळी लावतात आणि सुखाने जगतात. तूही एक करून घे, स्वतःच्या पैशाने, साधी. भिंगरीला भेटायला ही येत्या रविवारी येते आहे. मला रजा नाही. तिच्यापुढे हा विषय काढू नकोस, ती आधीच दमलेली असते.

बाळ

*

२० जून

चि. बाळास,

विषय मी काढला नाही. सूनबाईनेच काढला, बिचारीने. तिला काहीच माहीत नाही. ती विहीणबाईंच्या प्रवासाचे फोटो दाखवत होती. समुद्रावर, डोंगरावर, जहाजावर, जिथे तिथे विहीणबाई तोंडभर हसताहेत. मी म्हटलं, दात किती छान दिसतात यांचे. ती खुशीत म्हणाली, नवे आहेत आई, यांच्याच ऑफिसातून झाले ना!

मग तिने सगळं सांगितलं. कर्मचाऱ्याच्या घरच्या एका वडीलधाऱ्या माणसाला तिसरी पातळी थेट मिळते. थांबायचं नाही, हिस्सा भरायचा नाही, दात तोंडात होते की नव्हते ते बघायचं नाही. आपले आईवडील किंवा सासूसासरे, कोणीही चालतं, पण माणूस एकच. तू त्यांचं नाव फेब्रुवारीत घातलंस. माझं पत्र तुझ्याकडे जानेवारीपासून पडलं होतं.

मी तिला चहा दिला. आपलेच दात, आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करायची? तिच्यासमोर तुझी लाज काढली नाही. संसार तुझा आहे.

कादंबरी त्या नव्या मुलीकडे गेली. सोमवारी पहिलं प्रकरण रेकॉर्ड झालं. रेकॉर्डिंगवाल्याने मला भेटीला म्हणून बोलावलं होतं. मी काचेच्या अलीकडे बसून ऐकलं. ती अजून धापा टाकते, पण पुस्तक इतकं चांगलं आहे की कोणाच्या लक्षात येणार नाही.

मला कारण हवंय. पैशाचं सांगू नकोस, त्यात तुझं काही जात नव्हतं.

आई

*

२ जुलै

आईस,

कारण हवंय तर घे.

शाळा सुटली की मी तुझ्या स्टुडिओत यायचो. दारावर लाल दिवा लागलेला असायचा. बाकावर दप्तर घेऊन बसायचं, खोकायचं नाही, बाक वाजवायचा नाही. आत तू कोणासाठी तरी राजकन्या, राक्षस, म्हातारी असे वेगवेगळे आवाज काढत असायचीस. घरी आलीस की म्हणायचीस, बोलू नकोस, गळा बसलाय. मला एक गोष्ट तू पूर्ण सांगितलेली आठवत नाही. तुझ्या कॅसेटी मात्र दुकानात मिळायच्या.

मला मुलगी झाली. मी तुला ये म्हटलं, चार वेळा. तू म्हणालीस, पुस्तक आहे. मग तू दातांबद्दल विचारलंस, आणि मला दिसलं की हा प्रश्न माझ्या टेबलावर आलेला आहे. बाकी सगळे अर्ज करतात तसाच तूही केला होतास. मी नाकारला. सासूबाई निदान बोलावलं की येतात, बसतात, हसतात. त्यांना दात मिळाले.

तुझा आवाज गेला याचं मला वाईट वाटतं असं लिहिलं तर ते खोटं होईल. आयुष्यभर तो तू परक्यांना दिलास. आता जो काही उरलाय तो माझ्या मुलीला दे. तेवढ्यासाठीच ती तिकडे आहे.

बाळ

*

१२ जुलै

चि. बाळास,

पत्र मिळालं. बाकाचं तू लिहिलंस ते खरं आहे. त्यावर मी काही म्हणत नाही.

तुझं म्हणणं मला पटलं. जो आवाज उरलाय तो तिला देते. सकाळी दोन तास, दुपारी झोपून उठल्यावर दोन तास, संध्याकाळी ती मागेल तितकं. तिला ससा आवडतो, सिंह आवडतो, साबणाचे फुगे आवडतात. माझ्या मांडीवर तोंडासमोर बसते आणि माझ्या ओठांकडे बघत राहते. स्टुडिओत असं कोणी बघितलं नव्हतं.

आता मध्ये येऊ नका. मुलाला भाषा लागायची तर घर बदलून चालत नाही, हे सूनबाईलाही समजावून सांग. दसपट बोलायला लागली की कळवीन.

आई

*

४ ऑक्टोबर

ती. आईस,

सा. न. मी काल रात्रभर विचार करून हे लिहितो आहे. तू फोन उचलत नाहीस.

गेल्या रविवारी शेजारणीच्या फोनवरून भिंगरी आमच्याशी बोलली. खूप बोलली. आम्हाला एक वाक्य कळलं नाही. सशाला ‘फफा’ म्हणते. साबणाला ‘फाबण’. ‘दार’, ‘दूध’, ‘ताट’ हे तर नुसते भिजलेले आवाज. ही फोन ठेवून रडायला लागली. आम्ही एका डॉक्टरांना विचारलं, मुलांच्या बोलण्याचं बघतात ते. त्यांनी विचारलं, दिवसभर मूल कोणाचं ऐकतं? मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाले, या वयात कान जे ऐकतो ते तोंड पक्कं करतं, मोडायला वर्षं लागतात, काही वेळा पूर्ण जातच नाही.

आई, मी चुकलो. मी तुझ्या दातांचा खर्च भरतो, सगळा, हाडात बसवायचे. पुढच्या वर्षी नाव बदलता येतं, तुझं घालतो. तोवर निदान ती साधी कवळी लगेच करून घे, पैसे सोबत पाठवतो आहे. तिच्याशी नीट बोल. ती लहान आहे, तिने काय केलंय?

शनिवारी आम्ही दोघं तिला न्यायला येतोय.

तुझा,
बाळ

*

८ ऑक्टोबर

चि. बाळास,

अ. आ. पैसे परत पाठवते आहे. कवळी आहे माझ्याकडे. मे महिन्यातच डॉक्टरिणीने करून दिली, पैसे घेतले नाहीत, तिला माझी कीव आली. माइकसमोर ती टकटक वाजते म्हणून स्टुडिओच्या कामाची नाही. घरात बोलायला मात्र चांगली आहे. बाजारात जाताना लावते. वाण्याला माझा ‘स’ स्वच्छ ऐकू येतो. घरी आले की काढून वाटीत ठेवते आणि मग भिंगरीला मांडीवर घेते.

तू मला उरलेला आवाज द्यायला सांगितला होतास. मी त्यात भेसळ केली नाही.

ती लहान आहे, तिने काय केलंय, असं विचारतोस. काही केलेलं नाही. फार गुणी आहे, एकदा ऐकलं की उचलते. मला तिचा लळा लागलाय, आणि काही दिवशी वाटी उचलून हातात धरूनही बसले. मग तुझं २ जुलैचं पत्र आठवायचं आणि वाटी जागेवर ठेवायचे. तुझ्या कंपनीला मी विचारून घेतलं, बोलणं सुधारायचे उपचार कुठल्या पातळीत येतात. तिथल्या फोनवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, कुठल्याच नाही.

शनिवारी या. कपडे धुऊन ठेवलेत, पिवळा कपही बांधलाय. तिला ‘बाबा’ अगदी स्पष्ट म्हणता येतं, त्याला दात लागत नाहीत. दिवसातून बऱ्याचदा म्हणते.

एक गोष्ट मात्र सूनबाईला आधीच सांग, नाहीतर ती बिचारी दारातच कोलमडेल. इतके महिने भिंगरीने जवळून फक्त माझं तोंड बघितलंय. परवा शेजारीण तिला घ्यायला वाकली आणि मोठ्याने हसली. पोरगी किंचाळत माझ्या पदरात शिरली आणि त्या तोंडाकडे बोट दाखवत राहिली. तासभर थरथरत होती. तेव्हापासून दात दिसले की ती पळते.

तुला बघून ती धावत येईल. तू हसू नकोस.

आई